अतिशयोक्ती म्हणजे थाप का? आणि बाऊ म्हणजे काय?

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहिलं होतं की "अतिशयोक्ती आणि खोटं बोलणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्याबद्दल पुन्हा कधीतरी". त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की हा पूर्ण अंकच त्या शब्दाला देतेय. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पण सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि शेवटचं पत्र मात्र जवळजवळ जसंच्या तसं ठेवलंय.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या घरी रोजचा वाद आहे. मिस्टर बाहेरून आले की सगळं वाढवूनच सांगतात. सिग्नलला पाच मिनिटं थांबले असतील तर "अर्धा दिवस गेला सिग्नलला" असं. मुलगा नववीत आहे, तो म्हणतो बाबा थापा मारतात. मिस्टर म्हणतात ही थाप नाही, अतिशयोक्ती आहे, तुझ्याच पुस्तकातला अलंकार आहे. कोण बरोबर? (एक वाचक, नाशिक)

मिस्टर बरोबर आहेत. पण मुलाच्या म्हणण्यातही थोडं काहीतरी आहे, त्याच्याकडे शेवटी येते.

आधी शब्द बघू. 'अतिशय' आणि 'उक्ती' मिळून अतिशयोक्ती. उक्ती म्हणजे बोलणं. 'अतिशय' आपण हल्ली फक्त 'खूप' ह्या अर्थाने वापरतो, अतिशय गरम, अतिशय सुंदर, पण संस्कृतात ते नाम आहे आणि त्याचा अर्थ ओलांडून पुढे जाणं, वरचढ असणं, असा आहे. हा जुना अर्थ आजही एका ठिकाणी जिवंत दिसतो. छत्रपती संभाजीनगरजवळ कचनेरला जैन मंदिर आहे, त्याला 'अतिशय क्षेत्र' म्हणतात. पहिल्यांदा हे नाव वाचलं तेव्हा मला वाटलं पुढचा एखादा शब्द राहून गेला असेल, अतिशय काय? पवित्र? जुनं? तर तसं नाही, तिथे अतिशय म्हणजेच चमत्कार, नेहमीच्या पलीकडचं काहीतरी. जैन परंपरेत तीर्थंकरांचे ३४ अतिशय सांगितलेत ते ह्याच अर्थाने. म्हणजे अतिशयोक्ती हे नुसतं 'खूप बोलणं' नाही, नेहमीची हद्द ओलांडून गेलेलं बोलणं आहे. दंडी नावाच्या संस्कृत पंडिताने काव्यादर्शात ह्यासाठी 'लोकसीमातिवर्तिनी' असा शब्द वापरलाय, लोकांची सीमा ओलांडणारी. मला तो शब्द फार आवडतो कारण त्यात सीमा आहे. सीमा दोघांना माहीत असेल तरच ती ओलांडलेली कळते ना.

आता शाळेतलं उदाहरण आठवा, ते दमडीच्या तेलाचं. दमडी म्हणजे जुन्या हिशोबातलं पैशाहूनही लहान नाणं. त्या दमडीचं तेल आणलं, त्यात सासूबाईंचं न्हाणं झालं, मामंजींची शेंडी झाली, तरी तेल उरलं, ते झाकून ठेवलं तर लांडोरीचा पाय लागून सांडलं, ओघळ गेला थेट वेशीपर्यंत आणि त्यात उंट पोहून गेला. हे ऐकून आजपर्यंत कुठलंही पोर "कुठल्या दुकानातून आणलं तेल?" असं विचारत नाही. सांगणारीला माहितीय, ऐकणाऱ्याला माहितीय, आणि सांगणारीला माहितीय की ऐकणाऱ्याला माहितीय. आणि त्यात एक खरी गोष्टही आहे बरं का, ती म्हणजे तेलाची टंचाई. दमडीच्या तेलात अख्खं घर भागवायचं हे ज्या बाईच्या नशिबी होतं तिनेच हे रचलेलं असणार असं मला नेहमी वाटत आलंय.

शाळेत न सांगितलेली एक गोष्ट पण सांगते. जुन्या काव्यशास्त्रात अतिशयोक्तीचा अजून एक प्रकार आहे आणि तो आपण घरात रोज वापरतो. 'पोरगा वाघासारखा आहे' म्हटलं की उपमा. 'पोरगा वाघच आहे' म्हटलं की रूपक. आणि कुस्ती मारून पोरगा दारात आला की आजी नुसतंच म्हणते, "आला गं माझा वाघ!" इथे पोरगा वाक्यातून गायबच झाला, वाघाने त्याला गिळून टाकला. हीसुद्धा अतिशयोक्तीच. सकाळी दहाला "राजे उठले का?" म्हणतो तीही.

मग थाप कधी होते? ऐकणाऱ्याला सीमा कुठे आहे ते कळू दिलं नाही की. मिस्टर "अर्धा दिवस गेला" म्हणाले तेव्हा तुम्हाला लगेच कळलं की पाच-दहा मिनिटं असतील. पण तेच "पाऊण तास अडकलो होतो गं" म्हणाले असते तर? आकडा अर्ध्या दिवसापेक्षा कितीतरी लहान, पण ती थाप, कारण पाऊण तास खरा वाटू शकतो आणि तुम्ही तो खरा धरून चालणार. म्हणजे किती वाढवलं हा मुद्दाच नाही. उलट थाप जितकी बेताची तितकी ती जास्त पचते. आपल्याकडे 'लोणकढी थाप' म्हणतात ती ह्यामुळेच. लोणकढं म्हणजे ताजं लोणी कढवून केलेलं तूप, आणि लोणकढी थाप म्हणजे तशीच ताजी, जागच्या जागी तयार केलेली, घशाखाली सहज उतरणारी.

मुलाचं काय चुकत नाहीये ते आता सांगते. नववीचं वय असं असतं की त्याला बाबांचं कुठलं बोलणं धरायचं आणि कुठलं सोडायचं हे कळायला हवं असतं. बाबांनी सिग्नलबद्दल खुशाल अर्धा दिवस म्हणावं, पण "रविवारी नक्की मॅचला नेतो" हे मात्र अलंकारात जाऊ देऊ नये.

प्रश्न : अतिशयोक्ती, अतिशयोक्ति, अतिश्योक्ती, तिन्ही वाचायला मिळतं. नेमकं काय लिहायचं? (एक वाचक, ठाणे)

अतिशयोक्ती. 'श' पूर्ण, कारण शब्द अति-शय-उक्ती असा आहे, 'य'मधला अ आणि उक्तीतला उ मिळून ओ झाला. 'अतिश्योक्ती' हे घाईत बोलताना 'श'चा उच्चार खाल्ला जातो म्हणून तसं लिहिलं जातं. शेवटची वेलांटी दीर्घ, कारण १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आले तेव्हापासून शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घ लिहितात. त्याआधीच्या पुस्तकांत 'अतिशयोक्ति' दिसेल, तेव्हाच्या हिशोबाने ते बरोबरच होतं. आणि एक, समासात मात्र ऱ्हस्व राहतं, म्हणून 'अतिशयोक्तिपूर्ण'. हे पुष्कळ छापील मजकुरातही चुकतं.

प्रश्न : 'पराचा कावळा' मधला 'पर' म्हणजे काय? मला इतकी वर्षं वाटायचं 'परका' वरून आहे. आणि 'राईचा पर्वत' म्हणजे तेच ना? (एक वाचक, सोलापूर)

पर म्हणजे पीस. फारसीतून आलेला शब्द आहे, पर म्हणजे पंख, पीस. कावळ्याचं एक पीस दिसलं आणि सांगता सांगता त्याचा अख्खा कावळा झाला.

आणि नाही, दोन्ही तेच नाही. राईचा पर्वत म्हणजे मोहरीएवढ्याचं डोंगराएवढं केलं. वस्तू मोठी झाली, बाकी काही नाही. आणि हे एकटा माणूस बसल्या बसल्या करू शकतो. पराच्या कावळ्यात मात्र निर्जीव पिसाचा जिवंत पक्षी होतो, तो उडतो, ओरडतो, दुसऱ्याच्या दारात जाऊन बसतो. त्याला बहुतेक वेळा चार तोंडं लागतात.

आमच्याच सोसायटीचं सांगते. गेल्या उन्हाळ्यात ग्रुपवर साधा मेसेज आला, वरची टाकी धुवायची आहे, उद्या सकाळी ९ ते ११ पाणी बंद राहील. संपलं. कोणीतरी खाली विचारलं, मध्येच का धुताय, काही झालंय का? हा प्रश्न होता फक्त. दुसऱ्या विंगमध्ये तो "टाकीत काहीतरी झालंय म्हणे" असा पोचला. तिसऱ्या मजल्यावर "टाकीत काहीतरी सापडलंय". संध्याकाळी माझी बेल वाजली, शेजारच्या वहिनी दोन्ही हातात कळश्या घेऊन, "ताई भरून ठेवा हो, दोन दिवस पाणी नाहीये". त्यांचा चेहरा खरोखर घाबरलेला होता, त्या काही वाढवत नव्हत्या, त्यांना मिळालं तेवढंच सांगत होत्या. मीही पिंप भरलं. सगळ्यांनीच भरलं. आणि त्यामुळे रात्री नऊला टाकी रिकामी झाली आणि खरंच पाणी गेलं. आता ह्यात एकही माणूस खोटं बोललेला नाही, हे मला त्या रात्री फार जाणवलं. प्रत्येकाने फक्त 'का' चं 'आहे' केलं, 'झालं' चं 'सापडलं' केलं. पीस जागच्या जागीच होतं.

ह्या घराण्यातले बाकीचे शब्द पण बघा, मराठीने किती बारीक वाटण्या केल्यात. 'तिखटमीठ लावणं' म्हणजे मूळ गोष्ट तीच पण चव वाढवली. 'पदरचं घालणं' म्हणजे मुळात नसलेलं आपलं काहीतरी घुसडलं, म्हणून ते जास्त वाईट. 'सुतावरून स्वर्ग गाठणं' ह्यात वाढवणं नाहीच, तो अंदाज आहे, एवढ्याशा धाग्यावरून थेट शेवटाला पोचणं. 'वावड्या उठवणं' मध्ये वावडी म्हणजे मोठा पतंग, तो एकदा वर गेला की गावाला दिसतो पण दोरा कुणाच्या हातात आहे ते दिसत नाही. 'अतिरंजित' मध्ये रंग आहे, जादा रंग दिलेलं, मनोरंजनातला 'रंजन' तोच. म्हणून बातमी अतिरंजित असते, पण सिग्नलवरून आलेले मिस्टर अतिरंजित बोलतात असं आपण म्हणत नाही, ते वाढवून सांगतात.

प्रश्न : आम्ही सिंगापूरला असतो. मुलगी तिच्या आजीला फोनवर म्हणाली, "आजी, तुझी साडी भयंकर सुंदर आहे" आणि आजी नाराज झाल्या. मुलीचं चुकलं का? (एक वाचक, सिंगापूर)

अजिबात नाही, आणि आजीला माझा नमस्कार सांगा. भयंकर म्हणजे भय निर्माण करणारं हे खरं, पण 'भयंकर आवडलं', 'भयंकर भूक लागलीय' हे महाराष्ट्रातल्या घराघरात रुळलेलं आहे. 'प्रचंड' चंही तसंच झालं, त्यातल्या 'चंड'चा मूळ अर्थ उग्र, रागीट, आणि आज आपण प्रचंड प्रेमसुद्धा करतो. जोर देणारे शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात, मग नवा खडबडीत शब्द लागतो. जाम, लई, भारी, खतरनाक, हे सगळे त्याच रांगेतले. एवढंच की आजीच्या पिढीला 'भयंकर' अजून थोडा टोचत असेल तर तिच्याशी बोलताना 'फार' म्हणावं, 'फार' हा लहानसा शब्द अजून नीट काम करतो.

प्रश्न : भाषणात "असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही" हे वाक्य वापरावं का? आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत ते चार लेखांत आलंय. (एक वाचक, पुणे)

शक्यतो काढून टाका. मी शाळेत २२ वर्षं मराठी शिकवलं आणि निबंधात हे वाक्य दिसलं की मी त्याच्या आधीच्या वाक्याखाली रेघ मारायचे आणि मुलांना सांगायचे, इथे माहिती लिही. कारण हे वाक्य आपण लिहितो तेव्हा मनात धाकधूक असते की वाचणारा विश्वास ठेवणार नाही. "गोदावरी दख्खनची जीवनवाहिनी आहे असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही" ह्याच्याऐवजी त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली ही नदी सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते एवढं लिहिलं की पुरे, वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर ती आपोआप मोठी होते. स्मरणिकेत ज्या कार्यकर्त्याबद्दल असं लिहिलं असेल त्याने किती वर्षं, कुठल्या वस्तीत, काय केलं ते लिहा ना. त्या माणसालाही ते वाचून जास्त बरं वाटेल.

प्रश्न : ताई, मी लातूरकडची, वय ४३. दोन वर्षं माझं पोट दुखायचं. मी सांगितलं की जीव जातो की काय असं होतं. घरचे म्हणायचे, तुला प्रत्येक गोष्टीचा बाऊ करायची सवय आहे. ज्यांच्याकडे दाखवलं ते पण हसून म्हणाले, बायका जरा वाढवूनच सांगतात, ॲसिडिटी आहे. शेवटी एका नर्सबाईंनी नीट विचारलं, कुठे दुखतं, कधी दुखतं, कुठपर्यंत जातं. मी सांगितलं की जेवल्यावर तासाभराने उजव्या बरगडीखाली कळ येते आणि मागे खवाट्यापर्यंत (खांद्याच्या मागच्या हाडापर्यंत) जाते. त्यांनी सोनोग्राफी करून घ्यायला लावली. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. ऑपरेशन झालं, आता बरी आहे. पण तो 'बाऊ' शब्द मनातून जात नाही. मी खरंच अतिशयोक्ती केली होती का? (एक वाचक, लातूर जिल्हा)

नाही. तुम्ही अतिशयोक्ती केली नव्हती. हे पहिल्यांदा स्वच्छ लिहिते, कारण तुम्ही ते विचारण्यासाठी पत्र लिहिलंत.

वर मी म्हटलं ना, अतिशयोक्तीत दोघांना सीमा माहीत लागते. दुखण्याच्या बाबतीत ती सीमा फक्त एकाच माणसाला माहीत असते, ज्याला दुखतंय त्याला. ऐकणाऱ्याकडे मोजायला काहीच नसतं. मग हे वाढवून सांगितलं असं तो कुठल्या आधारावर म्हणतो? दवाखान्यात "० ते १० मध्ये किती दुखतंय" असं विचारतात, तिथेसुद्धा आकडा पेशंटनेच द्यायचा असतो.

आता 'बाऊ'. ह्या शब्दाचा मी तुमच्या पत्रानंतर चार दिवस विचार करत होते. एक बाऊ म्हणजे बागुलबुवाचा भाऊ, लहान मुलांना भीती घालायचा. जो नाहीच आहे त्याला घाबरणं, म्हणून 'बाऊ करणं'. पण आपल्याच घरात दुसरा बाऊ आहे. बाळ पडलं, गुडघा खरचटला, की आपण काय म्हणतो? "बाऊ झाला माझ्या सोन्याला!" आणि लगेच गुडघा हातात घेऊन फुंकर घालतो. तिथे बाऊ म्हणजे खरी जखम, खरं दुखणं. कुणीही त्या बाळाला पुरावा मागत नाही. तोच शब्द बाई मोठी झाली की उलटा फिरतो. बाळाला बाऊ होतो आणि बाईने केला की तो बाऊ खोटा. मला हे फार लागलं. तुमच्या दोन वर्षांत एकदाही कुणी तुम्हाला बाऊ झालाय असं म्हटलं नाही, तुम्ही करताय असंच म्हटलं.

आणि त्या नर्सबाईंनी तीन प्रश्न विचारले, कुठे, कधी, कुठपर्यंत. त्याचं तुम्ही दिलेलं उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचलं, "उजव्या बरगडीखाली कळ येते आणि मागे खवाट्यापर्यंत जाते". ह्यात कळ आहे, नुसतं दुखणं नाही. जागा आहे, वेळ आहे, वाट आहे. "जीव जातो की काय" हेही खरंच होतं, पण ते ऐकणाऱ्याला टाळता आलं, हे टाळता आलं नाही. तुमचं काही चुकलं असं मी अजिबात म्हणत नाहीये. दोन वर्षं तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं म्हणून तुम्ही ते सांगितलं नव्हतं.

आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत ते जरा बघा. गळू ठसठसतं. दाढ ठणकते. कमरेत उसण भरते. पाठीत चमक निघते, कपाळात तिडीक जाते. पोटात मुरडा येतो, छातीत जळजळतं, पिंढरीत गोळा येतो, पायाला मुंग्या येतात, डोकं भणभणतं. प्रत्येक शब्दाचं दुखणं वेगळं आहे, ठसठसणाऱ्या गळूला कुणी उसण म्हणणार नाही. माझी आई लिहा-वाचायला शिकलेली नव्हती, पण डॉक्टरांसमोर बसली की "दुखतंय" असं कधी म्हणायची नाही. "रात्री कूस बदलली की सणक निघते, मग पहाटेपर्यंत ठणकत राहतं" असं सांगायची, आणि डॉक्टर पेन खाली ठेवून ऐकायचे. हे शब्द आता मुलींना येत नाहीत, सगळ्याला 'पेन होतंय' म्हणतात, आणि 'पेन' म्हटल्यावर समोरच्याला काहीच दिसत नाही.

तुमच्या पत्रात 'खवाटा' वाचून मला बरं वाटलं, आमच्याकडे तो शब्द आता म्हाताऱ्या माणसांच्याच तोंडी राहिलाय. दुखण्याचे असे जे जे शब्द तुमच्या भागात बोलतात ते मला लिहून पाठवा, आणि इतर वाचकांनीही पाठवा, कुठल्या तालुक्यातला, कुठल्या दुखण्याला म्हणतात आणि घरात कोण वापरतं एवढं सोबत लिहा. पुढच्या अंकात दोन पानं त्यांच्यासाठी ठेवलीयत.